वर्ल्ड सिरीज हॉकी : एका लीगचा पहिला आणि अखेरचा हंगाम

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी चंडीगडमध्ये सुरू झालेली वर्ल्ड सिरीज हॉकी २ एप्रिल २०१२ रोजी मुंबईच्या महिंद्रा हॉकी स्टेडियमवर समाप्त झाली. अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाब संघाने पुणे स्ट्रायकर्सचा ५-२ असा पराभव करून विजेतेपद पटकावले. आठ शहरांतील आठ संघ, ५९ सामने आणि देश-विदेशातील व्यावसायिक खेळाडू असा या लीगचा विस्तार होता. मात्र आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची मान्यता नसलेल्या या लीगचा दुसरा हंगाम कधीच झाला नाही.

अवघ्या ३४ दिवसांच्या या हंगामाची दखल घेणे दोन कारणांसाठी आवश्यक ठरते. हॉकीपटूने खेळातून उपजीविका करावी की नाही, हा भारतीय हॉकीतील जुना प्रश्न या लीगने ऐरणीवर आणला. तसेच मानधन आणि देशाची जर्सी यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ खेळाडूवर आली, तेव्हा त्याच्या बाजूने कोण उभे राहते, हेही या हंगामाने दाखवून दिले.

नोकरीवर जगणारा खेळ

१९२८ ते १९५६ या काळात भारताने हॉकीत सलग सहा ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. त्या काळी आणि त्यानंतरही अनेक दशके भारतीय हॉकीपटूला खेळातून थेट उत्पन्न जवळपास नव्हते. त्याचा आधार होता नोकरी. रेल्वे, सेनादले, पोलीस, विमान कंपन्या, पेट्रोलियम कंपन्या आणि काही खासगी उद्योग खेळाडूंना नोकरीत घेत आणि आपल्या संघातून खेळवीत. मुंबईच्या हॉकीचा डोलारा तर बव्हंशी अशा कार्यालयीन संघांवरच उभा होता.

पुण्याजवळील खडकी येथे १६ जुलै १९६८ रोजी जन्मलेल्या धनराज पिल्ले यांची कारकीर्द याच व्यवस्थेत घडली. महिंद्र अँड महिंद्र आणि त्यानंतर इंडियन एअरलाइन्स या संघांकडून ते खेळले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई क्रीडा स्पर्धा त्यांच्या नावावर आहेत. १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते कर्णधार होते. त्याच काळात युरोपातील क्लब खेळाडूंना हंगामी करारावर मानधन देत होते. भारतात मात्र अशी व्यवस्था नव्हती.

पहिला प्रयत्न : प्रीमियर हॉकी लीग

हे चित्र बदलण्याचा पहिला मोठा प्रयत्न २००५ मध्ये झाला. भारतीय हॉकी महासंघ आणि ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्स यांच्या सहकार्यातून प्रीमियर हॉकी लीगला प्रारंभ झाला. इंडियन प्रीमियर लीग ही क्रिकेट स्पर्धा सुरू होण्याच्या तीन वर्षे आधीची ही घटना आहे. पहिल्या हंगामाचे सामने हैदराबादच्या गच्चीबावली येथील मैदानावर झाले आणि यजमान शहराचा हैदराबाद सुलतान्स हा संघ विजेता ठरला.

महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व मराठा वॉरियर्स या संघाकडे होते. धनराज पिल्ले या संघातून खेळले. पाकिस्तानचा विक्रमी पेनल्टी कॉर्नरतज्ज्ञ सोहेल अब्बास हैदराबादकडून मैदानात उतरला. प्रत्येकी ३५ मिनिटांच्या दोन सत्रांऐवजी साडेसतरा मिनिटांची चार सत्रे हे या लीगचे वेगळेपण होते. एकूण खेळ ७० मिनिटांचाच राहिला. परंतु दूरचित्रवाणीला जाहिरातींसाठी आणि प्रशिक्षकांना डावपेचांसाठी अधिक विराम मिळाले.

या लीगचे चार हंगाम झाले. २००६ मध्ये बंगळूर लायन्स, २००७ मध्ये ओरिसा स्टीलर्स आणि २००८ मध्ये बंगळूर हाय-फ्लायर्स विजेते ठरले. त्यानंतर ही लीग बंद पडली. त्यामागे मैदानाबाहेरच्या घडामोडी होत्या.

दोन संघटना, एक खेळ

मार्च २००८ मध्ये चिलीची राजधानी सँटियागो येथे झालेल्या पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत ब्रिटनकडून ०-२ असा पराभूत झाला. त्यामुळे १९२८ नंतर प्रथमच भारतीय हॉकी संघ ऑलिंपिकला मुकला. पुढच्याच महिन्यात महासंघाच्या सचिवांवर खेळाडूच्या निवडीसाठी पैसे घेतल्याचा आरोप एका वृत्तवाहिनीने केला. २८ एप्रिल २००८ रोजी भारतीय ऑलिंपिक संघटनेने भारतीय हॉकी महासंघाला निलंबित केले.

२००९ मध्ये ‘हॉकी इंडिया’ या नव्या संघटनेची स्थापना झाली आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने तिला मान्यता दिली. जुन्या महासंघाने न्यायालयात धाव घेतली. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निलंबनाची कारवाई रद्द ठरवल्यानंतर त्याने पुन्हा आपला हक्क सांगितला. परिणामी देशात एकाच खेळाच्या दोन दावेदार संघटना उभ्या राहिल्या.

पुण्यातील बहिष्कार

या वादात खेळाडूंची स्थिती काय होती, हे जानेवारी २०१० मध्ये पुण्यात दिसून आले. दिल्लीतील विश्वचषक स्पर्धा दोन महिन्यांवर आली होती आणि बालेवाडी येथे राष्ट्रीय संघाचे सराव शिबिर सुरू होते. थकलेले मानधन आणि बक्षिसाची रक्कम मिळावी, या मागणीसाठी राजपाल सिंग यांच्या नेतृत्वाखालील २२ खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला.

प्रत्येकी २५ हजार रुपयांचा देकार खेळाडूंनी नाकारला. प्रायोजकाने अधिक रक्कम देण्याची तयारी दर्शविल्यानंतर वाद मिटला आणि सराव पूर्ववत सुरू झाला. विश्वचषकाच्या पहिल्या सामन्यात भारताने पाकिस्तानला ४-१ असे नमविले. स्पर्धेअखेर मात्र संघाला आठव्या स्थानावर समाधान मानावे लागले.

देशाच्या संघातील खेळाडूंना हक्काच्या पैशासाठी स्टिक खाली ठेवावी लागते, ही बाब या बहिष्कारामुळे घराघरांत पोहोचली. वर्ल्ड सिरीज हॉकीची योजना पुढे आली, तेव्हा खेळाडूंनी तिला दिलेल्या प्रतिसादाचे मूळ या अनुभवात शोधता येते.

लीगची आखणी

भारतीय हॉकी महासंघ आणि निम्बस स्पोर्ट ही क्रीडा प्रक्षेपण क्षेत्रातील कंपनी या लीगचे आयोजक होते. भोपाळ बादशाह्ज, चंडीगड कॉमेट्स, चेन्नई चीताज, दिल्ली विझार्ड्स, कर्नाटक लायन्स, मुंबई मरीन्स, पुणे स्ट्रायकर्स आणि शेर-ए-पंजाब असे आठ संघ निश्चित झाले. एकाच राज्याचे दोन संघ असण्याचा मान केवळ महाराष्ट्राला मिळाला.

प्रत्येक संघाने इतर सात संघांशी दोनदा, एकदा घरच्या आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळावे, अशी रचना होती. त्यानुसार साखळीचे ५६ सामने, दोन उपांत्य सामने आणि अंतिम सामना मिळून संख्या ५९ झाली. प्रीमियर हॉकी लीगप्रमाणे येथेही चार सत्रांची पद्धत स्वीकारण्यात आली.

प्रारंभी डिसेंबर २०११ मध्ये ही लीग घेण्याचे ठरले होते. नंतर ती लंडन ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेपुढे ढकलण्यात आली.

मान्यतेचा पेच

हॉकी इंडिया ही भारतातील एकमेव अधिकृत संघटना असल्याने तिच्या परवानगीविना होणारी स्पर्धा अमान्य ठरेल, अशी आंतरराष्ट्रीय महासंघाची भूमिका होती. अमान्य स्पर्धेत खेळणाऱ्यांवर निर्बंध घालण्याची तरतूद महासंघाच्या नियमांत करण्यात आली होती.

जुलै २०११ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या पुढाकाराने दोन्ही संघटनांत समझोता घडवून आणण्याचा प्रयत्न झाला. परंतु एका देशात एकच संघटना असावी, या मुद्द्यावर आंतरराष्ट्रीय महासंघ ठाम राहिला. सप्टेंबर २०११ मध्ये दिल्लीत होणारी चॅम्पियन्स करंडक स्पर्धा भारताकडून काढून घेण्यात आली आणि ती न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे हलविण्यात आली. संघटनांच्या भांडणाची ही थेट किंमत होती.

खेळाडूंपुढील पर्याय यामुळे स्पष्ट झाले. लीगमध्ये उतरल्यास मानधन मिळण्याची शक्यता होती, पण राष्ट्रीय संघाचा दरवाजा बंद होण्याचा धोका होता. २६ फेब्रुवारी २०१२ रोजी दिल्लीतील पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने फ्रान्सचा ८-१ असा धुव्वा उडवून लंडनचे तिकीट मिळविले. त्या सामन्यात संदीप सिंगने पाच गोल केले. तीनच दिवसांनी चंडीगडमध्ये वर्ल्ड सिरीजचा पडदा उघडला, तेव्हा संदीप सिंग आणि सरदार सिंग हे राष्ट्रीय संघाचे दोन प्रमुख खेळाडू लीगमध्ये नव्हते. त्यांनी ऑलिंपिकला प्राधान्य दिले.

मैदानावरील हंगाम

राष्ट्रीय संघातील पहिल्या फळीचे काही खेळाडू नसले, तरी लीग ओस पडली नाही. संघाबाहेर गेलेले ज्येष्ठ, संधीच्या शोधातील तरुण आणि परदेशी व्यावसायिक असे तिचे मिश्र स्वरूप होते. राष्ट्रीय संघाचे माजी कर्णधार राजपाल सिंग, प्रभज्योत सिंग, अर्जुन हलप्पा यांच्यासारखे अनुभवी खेळाडू मैदानात उतरले.

सर्वाधिक लक्ष वेधले ते धनराज पिल्ले यांनी. वयाच्या ४३ व्या वर्षी ते कर्नाटक लायन्सकडून खेळले. खडकीच्या या खेळाडूने २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकनंतर आंतरराष्ट्रीय हॉकीचा निरोप घेतला होता.

नवोदितांमध्ये चंडीगड कॉमेट्सच्या गुरजिंदर सिंगने १९ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळविला. पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग-फ्लिकचा प्रभावी वापर हे त्याचे वैशिष्ट्य होते.

पुणे स्ट्रायकर्सने अंतिम फेरी गाठली. महाराष्ट्रातील संघ महाराष्ट्रातच अंतिम सामना खेळत होता. चर्चगेटजवळील मुंबईचे मैदान या लढतीसाठी सज्ज होते. मात्र प्रभज्योत सिंगच्या शेर-ए-पंजाबने ५-२ अशा फरकाने बाजी मारली आणि पुण्याला उपविजेतेपद मिळाले.

हंगामानंतर

लीगचा लेखाजोखा मैदानावरील निकालांनी पूर्ण होत नाही. अनेक खेळाडूंनी मानधन पूर्ण न मिळाल्याची तक्रार पुढे जाहीरपणे केली. ज्या प्रश्नावर पुण्यात बहिष्कार झाला होता, तोच प्रश्न लीगमधूनही पुन्हा उभा राहिला.

आर्थिक बाजू आधीच कमकुवत झाली होती. लीग सुरू होण्यापूर्वी, डिसेंबर २०११ मध्ये, भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने देय रक्कम थकल्याच्या कारणावरून निम्बसशी असलेला प्रक्षेपण हक्कांचा करार संपुष्टात आणला होता. क्रिकेटसारख्या किफायतशीर हक्कांना मुकलेल्या कंपनीला नव्या हॉकी लीगचा भार पेलणे सोपे नव्हते.

पाकिस्तानात याचे वेगळे पडसाद उमटले. तेथील हॉकी महासंघाने लीगमध्ये खेळलेल्या खेळाडूंवर कारवाई केली. तरीही शकील अब्बासी, रेहान बट आणि वसीम अहमद हे तिघे त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानकडून खेळले. संघाला खेळाडूची निकड भासली की नियम शिथिल होतात, हेच यातून दिसले.

लंडनमध्ये भारताची कामगिरी निराशाजनक झाली. सर्व सहा सामने गमावून भारत बाराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिला. वर्ल्ड सिरीजचा दुसरा हंगाम २०१२ च्या अखेरीस घेण्याचे आयोजकांनी सांगितले होते, पण तो झाला नाही.

शंभर वर्षांपूर्वीचा दाखला

हॉकीच्या बर्फावरील भावंडाच्या, म्हणजे आइस हॉकीच्या इतिहासात असाच एक अध्याय आहे. १९०० च्या सुमारास कॅनडात खेळासाठी पैसे घेणे हा गुन्हा मानला जाई. १८९८ मध्ये ऑन्टारिओतील बर्लिन, म्हणजे आजचे किचनर, या गावाच्या संघाला विजयाबद्दल महापौरांनी प्रत्येकी दहा डॉलरचे सोन्याचे नाणे दिले. त्यावरून प्रांतिक संघटनेने संपूर्ण संघाची हकालपट्टी केली. त्या संघातील जॅक गिब्सन पुढे दंतवैद्य होऊन अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या हॉटन या तांब्याच्या खाणींच्या गावी गेला आणि तेथे त्याने उघडपणे पगारी संघ उभारला.

त्यातूनच १९०४ मध्ये पाच संघांची इंटरनॅशनल हॉकी लीग सुरू झाली. जगातील पहिली व्यावसायिक आइस हॉकी लीग म्हणून ती ओळखली जाते. पहिल्या हंगामात कॅल्युमेट या खाणगावाचा संघ विजेता ठरला. कॅनडातील संघटनांनी या खेळाडूंना ‘धंदेवाईक’ म्हणून दूर ठेवले, तरी उत्तम खेळाडू मानधनासाठी तिकडे जात राहिले. अखेर कॅनडातील संघांनाही खेळाडू टिकविण्यासाठी पैसे मोजावे लागले. खेळाडू परत फिरू लागले, तांब्याचा बाजार मंदावला आणि १९०७ मध्ये तीन हंगामांनंतर ही लीग बंद पडली. लीग संपली, परंतु खेळाडूला उघडपणे मोबदला देण्याची प्रथा रुजली.

वारसा

भारतातही काहीसे तसेच घडले. वर्ल्ड सिरीजनंतर वर्षभराच्या आतच, जानेवारी २०१३ मध्ये, हॉकी इंडियाने आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेने हॉकी इंडिया लीग सुरू केली. १६ डिसेंबर २०१२ रोजी झालेल्या लिलावात दिल्ली वेव्हरायडर्सने सरदार सिंगसाठी ७८ हजार डॉलर मोजले. ऑलिंपिकसाठी वर्ल्ड सिरीजपासून दूर राहिलेल्या खेळाडूला आता मानधन आणि देशाची जर्सी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळू शकत होत्या.

पहिल्या हंगामात रांची ऱ्हायनोज विजेता ठरला. महाराष्ट्राच्या वाट्याला मात्र फारसे यश आले नाही. भारत-पाकिस्तान नियंत्रण रेषेवरील तणावानंतर जानेवारी २०१३ मध्ये लीगमधील नऊ पाकिस्तानी खेळाडूंना मायदेशी परतावे लागले. त्याचा मोठा फटका मुंबई मॅजिशियन्सला बसला आणि हा संघ गुणतक्त्यात तळाला राहिला. पुढच्या हंगामानंतर तो लीगमध्ये नव्हता. २०१५ मध्ये दबंग मुंबई हा नवा संघ दाखल झाला.

हॉकी इंडिया लीगही २०१७ नंतर खंडित झाली. सात वर्षांच्या खंडानंतर २८ डिसेंबर २०२४ रोजी ती पुन्हा सुरू झाली. त्या हंगामात पुरुषांचे आठ संघ होते आणि प्रथमच महिलांची स्वतंत्र लीग झाली. परंतु पुरुष वा महिला, कोणत्याही गटात महाराष्ट्राचा संघ नव्हता. २०१२ मध्ये एकाच लीगमध्ये दोन संघ असलेल्या राज्याची ही स्थिती हॉकीप्रेमींना विचार करायला लावणारी आहे.

खेळाच्या स्वरूपावरही या लीगचा ठसा दिसतो. भारतीय लीगने २००५ पासून वापरलेली चार सत्रांची पद्धत आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१४ पासून आपल्या प्रमुख स्पर्धांसाठी स्वीकारली. सत्राची लांबी मात्र १५ मिनिटे ठरविण्यात आली.

वर्ल्ड सिरीज हॉकीला यश मिळाले असे म्हणता येत नाही. तिच्याकडे खेळाडू आणि आठ शहरे होती, पण मान्यता नव्हती आणि पुरेसे भांडवलही नव्हते. दुसऱ्या बाजूला, मान्यता असलेल्या संघटनेने बालेवाडीत खेळाडूंना सराव थांबविण्याची वेळ येऊ दिली होती. दोन्ही ठिकाणी तोशीस पोहोचली ती खेळाडूलाच. मान्यता आणि मानधन या दोहोंची हमी एकाच संस्थेने घेतल्याशिवाय व्यावसायिक लीग टिकत नाही, हा या एकमेव हंगामाचा धडा आहे. पुणे स्ट्रायकर्सचे उपविजेतेपद आज फारसे कुणाच्या स्मरणात नसले, तरी त्या संघातील खेळाडूंनी पत्करलेल्या जोखमीची नोंद भारतीय हॉकीच्या इतिहासात राहायला हवी.